चमचाभर कोको

रात्रीची आवराआवर झाल्यावरची वेळ निवडा. पांढऱ्या बशीत चमचाभर कोको पावडर काढा, वाटीत गार पाणी घ्या, खायच्या सोड्याची डबी जवळ ठेवा. साखर नको, दूध नको. मोबाइल दुसऱ्या खोलीत. पाठ भिंतीला टेकली तरी हरकत नाही. डोळे मात्र मिटू नका, या मननाला ते उघडेच लागतात.

पावडर कुठल्या कंपनीची, हा प्रश्न बाजूला ठेवू. अंबरनाथ-बदलापुरात आता सोसायटीगणिक ऑर्डरचे केक करणारी एक तरी ताई असते, आणि सामान घाऊक भावात हवं असलं की पावलं उल्हासनगरकडे वळतात. केकचे टिन, सोनेरी पुठ्ठे, क्रीमचे खोके, डार्क कंपाउंडच्या लाद्या, आणि किलोच्या पिशव्यांतला कोको. गिऱ्हाईक मराठी, शेठ सिंधी, घासाघीस हिंदीत. ‘भाभी, इतने में तो मेरा भी नहीं आता’ हे वाक्य ऐकल्याशिवाय तिथली खरेदी पुरी होत नाही.

पाकीट असेल तर ते उलटं करा. मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात: कोको, आणि पुष्कळदा त्याच्यापुढे ‘ॲसिडिटी रेग्युलेटर’ आणि 501 किंवा 500 असा एक आकडा. तो लक्षात ठेवा, थोड्या वेळाने लागेल. बिया कुठल्या देशातल्या, कोणाच्या बागेतल्या, हे बहुतेक पाकिटांवर सापडत नाही. तेही लक्षात ठेवा.

आता बशीकडे नुसतं पाहा. रंग बघा. फिकट, थोडा तांबूस आहे का? की गडद, जवळजवळ काळसर? नाव द्यायची घाई करू नका.

चमचाभरातली चिमूटभर पावडर वाटीतल्या गार पाण्यावर भुरभुरा. ती बुडत नाही. वर तरंगते, गोळे धरते. एक गोळा बोटाने फोडा, आत कोरडीच असेल. पाणी तिला शिवलेलंच नसतं. आता कोरडी पावडर अंगठा आणि तर्जनीत चोळा. बोटांवर जो हलका तुकतुकीतपणा राहतो, तिथे जरा थांबू या.

कोकोच्या बीत निम्म्याच्या आसपास तूपकट अंश असतो. म्हणून युरोपात जेव्हा बिया वाटून, पाण्यात किंवा दुधात उकळून चॉकलेट पीत, तेव्हा पेल्यावर तवंग यायचा आणि ते पचायला जड जायचं. 1828 साली ॲमस्टरडॅममधल्या कॅस्पारस व्हान हाउटेनला राजाकडून एका दाबयंत्राचं पेटंट मिळालं. या यंत्रात भाजलेल्या बियांचा लगदा दाबून त्यातला बराचसा स्निग्धांश बाहेर काढता येई. मागे राहायची कडक वडी. ती कुटली की पावडर. नाव पुढे मुलाचं झालं, कुनराडचं. पेटंट बापाचं होतं हे डच लोकही विसरतात म्हणे.

तेलघाण्याच्या गावात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. शेंगदाणे घाण्यात घातले की तेल एका बाजूला आणि पेंड दुसऱ्या बाजूला. तुमच्या बशीत आहे ती कोकोची पेंड आहे. दोनशे वर्षांपूर्वी तेलापासून तोडलेली, नीट दळलेली, छान पाकिटात घातलेली पेंड. आपण तिलाच कोको म्हणतो.

मग तेलाचं काय झालं? ते कोको बटर. सुरुवातीला त्याचं काय करायचं हे कोणाला नीटसं ठाऊक नव्हतं. 1847 मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने वाटलेल्या कोकोत आणि साखरेत वितळवलेलं कोको बटर वरून घातलं आणि साच्यात ओतलं. खायच्या चॉकलेटची वडी तिथून सुरू झाली. काढलेलं तूप परत घालून. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा, कारण आजचा सगळा धंदा त्यात आहे: आधी वेगळं करायचं, मग दोन्हीला वेगळा भाव लावायचा. तूप महाग, पेंड स्वस्त. उल्हासनगरहून आणलेल्या त्या डार्क कंपाउंडच्या लादीत कोको बटर जवळजवळ नसतंच. पेंड असते आणि तिच्या जोडीला पामसारख्या झाडाचं घट्ट केलेलं तेल. म्हणून ते स्वस्त पडतं, उन्हाळ्यात लवकर पाघळत नाही, आणि जिभेवर मेणासारखं रेंगाळतं.

इथे थोडं आडवाटेला जाऊ. वेंगुर्ल्याला डचांची वखार आहे. सतराव्या शतकातली, आता नुसत्या दगडी भिंती आणि त्यांतून वाढलेली झाडं. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला आणि व्यापार करायला डच तिथे बसले होते. आसपासच्या परसात रातांब्याची झाडं तेव्हाही असणारच. आमसुलं करून उरलेल्या बियांतून बायका तेल काढायच्या, हाताने वळून गोळे करायच्या. भिरंडेल म्हणा, मुठेल म्हणा. टाचांच्या भेगांवर ते अजूनही लावतात. डचांना त्यात काही दिसलं नाही. त्यांना मिरी हवी होती. 2000 साली युरोपीय संघाने चॉकलेटचा कायदा नव्याने केला, तेव्हा कोको बटरशिवाय दुसरी कुठली वनस्पतिजन्य तेलं चॉकलेटमध्ये पाच टक्क्यांपर्यंत चालतील, याची यादी दिली. यादीत सहा नावं आहेत. त्यांतलं एक कोकमाचं, म्हणजे याच रातांब्याच्या बियांचं. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे जिभेवर ठेवताच. कोकमाचं तेल त्याहून थोडं चिवट, 40 च्या आसपास. गरम देशातल्या चॉकलेटला असा आधार उपयोगी पडतो. कोकणातल्या टाचेवरची वस्तू युरोपच्या राजपत्रात जाऊन बसली, आणि आपल्याकडे तिची बातमीही झाली नाही.

परत बशीकडे.

वास घ्या. नाक अगदी जवळ नेऊ नका, ठसका लागेल. ॲमस्टरडॅमच्या उत्तरेला झान नावाची नदी आहे. तिच्या काठी आधी पवनचक्क्यांवर आणि मग यंत्रांवर लाकूड कापलं गेलं, तेल गाळलं गेलं, आणि पुढे कोको दळला गेला. आजही वारा अनुकूल असला की झानदामच्या रस्त्यांवर भाजलेल्या कोकोचा वास येतो. आपल्याकडे अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून वालधुनी वाहते. शके 982 चं, म्हणजे 1060 च्या सुमाराचं हे शिलाहारांचं देऊळ. नदी त्याच्याही आधीची. तिचा आजचा वास कसला, ते विठ्ठलवाडी-उल्हासनगरच्या दरम्यान लोकलच्या दारात उभं राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. कारखानदारी नदीच्या नशिबी काय लिहील याचा काही नेम नाही. अंबरनाथने ती लवकर पाहिली. 1920 च्या दशकात स्वीडनच्या भांडवलावर इथे विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना आला. यंत्र एका देशाचं, भांडवल तिथलंच, हात आपले.

आता चिमूटभर पावडर जिभेवर ठेवा. गिळू नका. आधी कोरडेपणा जाणवेल, मग कडूपणा. कडूपणा आला की आपण तोंड वाकडं करतो आणि तिथेच थांबतो. या वेळी थांबू नका. कडूच्या मागे, जिभेच्या कडांना, थोडा आंबटपणा येतो का पाहा. पावडर फिकट असेल तर येईल. गडद असेल तर शोधूनही फारसा सापडणार नाही.

हा आंबटपणा कुठून आला ते सावकाश पाहू.

कोकोचं फळ खोडालाच धरतं, फणसासारखं. कोयत्याने ते उतरवायचं, खोडाला इजा होऊ न देता, कारण त्याच जागी पुढची फुलं येतात. मग फोडायचं. आत पांढऱ्या बुळबुळीत गरात 30 ते 40 बिया असतात. गरासकट त्या उपसायच्या, ढीग घालायचा, केळीच्या पानांनी झाकायचा. पाच-सहा दिवस तो ढीग आंबतो. मधून मधून हात घालून वरच्या बिया खाली करायच्या. आत हात घातला की चटका बसतो, 45 ते 50 अंशांपर्यंत तापतो तो. गरातल्या साखरेची आधी दारू होते, मग तिचं व्हिनेगर, आणि ते बीमध्ये मुरतं. बी मरते आणि तिच्यात चॉकलेटची चव तयार व्हायला लागते. मग उन्हात वाळवण. पाऊस आला की पळापळ. उन्हाळ्यात गच्चीवर पापड घातलेल्या घरांना ही पळापळ माहीत आहे.

जिभेच्या कडेला जो आंबटपणा आला, तो या आठवड्याचा आहे. शेतकऱ्याने ढिगात घातलेल्या हाताचा. आंबवणं नीट झालं नाही तर नंतर जगातला कुठलाही कारखाना ती चव आणू शकत नाही.

आता बशीतल्या उरलेल्या पावडरीत चिमूटभर सोडा घाला आणि चार-पाच थेंब पाणी. बोटाने कालवा. जवळून पाहा. फिकट पावडर असेल तर बारीक बुडबुडे येतील, आणि बघता बघता रंग गडद होत जाईल. एकदम कळेलच असं नाही. मिनिटभर द्या. पुन्हा बोटाचं टोक जिभेला लावा. सोड्याची चव येईल हे खरं, पण तो आंबटपणा गेलेला असेल.

पाकिटावरचा 501 हा आकडा हेच सांगत होता. पोटॅशियम कार्बोनेट. 500 म्हणजे त्याचं सोडियमचं भावंड, आपल्या पापडखाराच्या नात्यातलं. उल्हासनगरच्या सिंधी पापडाला जो खार खुसखुशीत करतो, त्याच जातीच्या खाराने कुनराड व्हान हाउटेनने कोकोचा आंबटपणा मारला आणि रंग गडद केला. पावडर पाण्यात जास्त चांगली मिसळू लागली. जगभरचे बेकर त्याला आजही डच कोको म्हणतात. तुमची पावडर आधीच गडद असेल, तर हा खार तिला तुमच्या घरी येण्याआधीच लागलेला आहे, आणि बुडबुडे येणारच नाहीत.

व्हान हाउटेनला काही पुसून टाकायचं नव्हतं. त्याला लोकांना बरं वाटेल असं पेय करायचं होतं, आणि ते त्याने केलं. गरिबाला परवडेल असा कोको त्याच्यामुळे मिळाला, हेही खरं. तरी खाराने जे गेलं ते नेमकं शेतकऱ्याच्या आठवड्याचं होतं, हे तेवढंच खरं आहे. दोन्ही एका बशीत असू द्या.

पुढचा भाग अवघड आहे. श्वास घेऊन वाचा.

नेदरलँड्समध्ये कोकोचं झाड उगवत नाही. कधीच उगवलं नाही. तरी आज ॲमस्टरडॅम हे जगातलं सर्वात मोठं कोकोचं बंदर आहे. 1634 मध्ये डचांनी व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरचं क्युरासाव बेट स्पेनकडून घेतलं. बेट कोरडं, पण बंदर खोल. समोरच्या किनाऱ्यावर उत्तम कोको आणि तो फक्त स्पेनलाच विकायचा असा स्पेनचा हुकूम. मग रात्रीच्या होड्या सुरू झाल्या. तस्करी इतकी वाढली की ती थोपवायला स्पेनला 1728 मध्ये एक खास कंपनी काढावी लागली. व्हान हाउटेनच्या पेटंटच्या बरोबर शंभर वर्षं आधी.

या व्यापारात एक लक्षणीय वाटा सेफार्दी ज्यूंचा होता. 1492 मध्ये स्पेनने त्यांना देशाबाहेर काढलं. पुढे पोर्तुगालने धर्म बदलायला लावला. घरं, थडगी, आपली भाषा बोलणारे शेजारी, सगळं मागे टाकून त्यांतले काही ॲमस्टरडॅमला आले आणि तिथून क्युरासावला गेले. जमीन नाही, पिढीजात शेत नाही. हातात होतं ते नातेवाइकांचं जाळं आणि हिशेबाची वही.

ही गोष्ट उल्हासनगरला सांगायची गरज नाही, त्याला ती पाठ आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं येऊन राहिली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या छावणीला उल्हासनगर हे नाव दिलं. पत्त्यात अजून कॅम्प नंबर आणि बराक नंबर असतो. पापड, मिठाई, फर्निचर, जीन्स, जे हाताला लागलं त्यातून माणसं उभी राहिली. आणि बदलापूर-अंबरनाथचं काय? गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळहून निघालेली कितीतरी बिऱ्हाडं, कोकणातून आणि देशावरून आलेली, रेल्वेच्या पासावर उभी राहिली ती याच पट्ट्यात. आपण सगळेच कुठून तरी निघालेले.

म्हणून क्युरासावची पुढची गोष्ट नीट ऐकायला हवी. ते बंदर कोकोचं होतं, तसंच गुलामांचंही. डच वेस्ट इंडिया कंपनी आफ्रिकेतून माणसं गुलाम म्हणून आणून तिथे ठेवायची आणि समोरच्या किनाऱ्यावर विकायची. कोकोच्या मळ्यांत राबायला माणसं जायची, मळ्यांचा कोको परत यायचा. त्या बंदरात राहून या हिशेबापासून दूर राहणं डच ख्रिस्त्यांना जमलं नाही आणि परागंदा होऊन आलेल्या ज्यूंनाही नाही. सोसलेल्या माणसाला दुसऱ्याचं सोसणं दिसतंच असं नाही.

इथे थांबा. बोट कोणाकडे दाखवू नका, शेठकडे नाही, ॲमस्टरडॅमकडेही नाही. स्वतःला एवढंच विचारा: माझं जे गेलं त्याची आठवण माझ्याकडे आहे. मला जे मिळालं, त्यात कोणाचं काय गेलं, त्याची आहे का? उत्तर लगेच आलं तर ते बहुधा पाठ केलेलं असेल. जाऊ द्या, पुन्हा विचारा.

डचांच्या सुरीनाममध्येही कोकोचे मळे होते, गुलामांच्या श्रमावर. 1 जुलै 1863 रोजी गुलामगिरी संपल्याचं जाहीर झालं, आणि मालकांना माणशी 300 गिल्डर भरपाई मिळाली. मालकांना. सुटलेल्यांना आणखी दहा वर्षं मळ्यांवर कराराने राबावं लागलं. ती दहा वर्षं संपता संपता, जून 1873 मध्ये, कोलकात्याहून लल्ला रुख नावाचं जहाज सुरीनामला लागलं, आपल्या देशातले गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, घेऊन. 1916 पर्यंत अशी सुमारे 34 हजार माणसं गेली, बहुतेक पूर्वांचल-बिहारकडची. त्यांच्याच मुलखातली माणसं आज अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीवर जातात. 1 जुलै 2023 रोजी नेदरलँड्सचा राजा विलेम-अलेक्झांडर याने गुलामगिरीबद्दल जाहीर माफी मागितली. एकशे साठ वर्षांनी. उशीर झाला खरा, पण मागितली, एवढं नोंदवू.

आजचा कोको मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतला. आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोन देश जगाचा निम्म्याहून जास्त कोको पिकवतात. शिकागो विद्यापीठाच्या संशोधन संस्थेने 2020 मध्ये दिलेल्या अहवालानुसार या दोन देशांच्या कोको पट्ट्यात सुमारे 15 लाख 60 हजार मुलं कोकोच्या कामाला जुंपलेली होती. कोयता हातात घेतलेली मुलं. त्याच्या बरीच वर्षं आधी टन व्हान दे कुकेन नावाच्या एका डच टीव्ही पत्रकाराने कॅमेऱ्यासमोर चॉकलेट खाल्लं आणि पोलिसांना सांगितलं, मी गुन्ह्याचा माल जाणूनबुजून घेतला आहे, मला अटक करा. खटला काही उभा राहिला नाही. त्यातून एक चॉकलेट कंपनी मात्र उभी राहिली. याला डच स्वभाव म्हणायचं की काय, ते तुम्ही ठरवा.

2024 मध्ये कोकोचा भाव जागतिक बाजारात टनाला 12 हजार डॉलरच्या पुढे गेला. त्याच्या दोन वर्षं आधी तो अडीच हजारांच्या घरात होता. पाऊस लहरी, झाडं म्हातारी आणि रोगट. बदलापूरच्या ताईला पावडर महाग झाली आणि तिने केकचा दर वाढवला. घानातल्या शेतकऱ्याचा दर सरकार हंगामाच्या सुरुवातीला ठरवतं, त्यामुळे वाढलेल्या भावाचा मोठा भाग त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. मधले हात कधी उपाशी राहत नाहीत, हे इथल्या बाजारात वावरणाऱ्याला नव्याने सांगायला नको.

आता जिभेवर काय उरलं आहे ते पाहा. थोडा कडूपणा, थोडा सोडा. पाणी पिऊ नका लगेच. दोन मिनिटं ते तसंच राहू द्या आणि त्या वेळात एकच चित्र समोर ठेवा: केळीच्या पानांखालचा तापलेला ढीग आणि त्यात कोपरापर्यंत गेलेला हात. चेहरा कल्पनेने रंगवू नका, तो आपल्याला माहीत नाही. हात पुरे आहे.

झालं. पाणी प्या, बशी धुवा.

पुढच्या खेपेला दुकानात गेलात की शेठला विचारा, माल साधा आहे की अल्कलाइज्ड, म्हणजे खार लावलेला, आणि बिया कुठल्या. पहिल्याचं उत्तर त्याला ठाऊक असेल, दुसऱ्याचं बहुधा नसेल. तरी विचारा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं तर तो पुढे घाऊकवाल्याला विचारेल. आणि केक करताना एवढं ध्यानात ठेवा: साध्या कोकोला सोडा लागतो, डच कोकोला बेकिंग पावडर. डच कोकोला नुसता सोडा घातलात तर केक बसू शकतो.